भरती लागली की फेक का फुटते: शॅड, दोन हातांचा रॉड आणि चुकीचा खांदा

गेल्या दोन हंगामांत एकच प्रश्न तिघांनी विचारला. तिघंही आपल्याच भागातले, एक बेळगावचा, एक निपाणीचा, एक आमच्या खानापूरचाच, आणि तिघंही नोकरीपायी न्यू जर्सीत. एप्रिल लागला की सुट्टीच्या दिवशी डेलावेअर नदीवर शॅड नावाचा मासा धरायला जातात आणि आपल्याकडं पहाट असताना फोन करतात. "सर, ओहोटीत सगळं बरोबर जाऊलालंय. भरती लागली की फेक फुटते. हात तोच, रॉड तोच. चुकूलालंय काय?"

फोनवर सांगायला गेलं तर निम्मं समजतं आणि निम्मं "सर, आवाज तुटतोय" यात जातं. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. मी काही या विद्येतला पंडित नाही. मुलगी तिकडं असते, म्हणून अधूनमधून आम्ही दोघं वसंतात तिच्याकडं जातो. जावयाच्या शेजाऱ्यानं तिथं मला स्पे कास्टिंग, म्हणजे दोन हातांच्या रॉडनं लाइन फेकायची पद्धत, शिकवली. अकरा फुटांचा, सहा नंबरचा, चार तुकड्यांत सुटणारा रॉड मी परत येताना बायकोच्या साड्यांच्या घडीत गुंडाळून आणला, ते ती अजून काढते. उरलेलं वर्ष मी खानापुरात मलप्रभेच्या घाटावर हात चालवतो. म्हणजे शिकतो बिनभरतीच्या नदीवर आणि मासे धरायला जातो भरतीच्या नदीवर. सगळा घोळ इथंच आहे.

शॅड म्हणजे बंगाल्यांची इलिश, भरूचकडं नर्मदेत चढते ती, तिच्या गोतावळ्यातला अमेरिकी मासा. समुद्रात वाढतो आणि वसंतात अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतो. चवीला झकास, काटे बेसुमार. डेलावेअर सुमारे ५३० किलोमीटर लांब आहे आणि तिच्या मुख्य पात्रावर एकही धरण नाही, त्यामुळं माशाला वाट मोकळी मिळते. भरतीचं पाणी ट्रेंटन शहराजवळच्या खडकाळ उतारापर्यंत चढतं. तिथं पातळी सात-आठ फूट वरखाली होते. त्या उताराच्या वर नदी आपल्या मलप्रभेसारखीच, एका दिशेनं जाणारी. तिथं मासे धरत असाल तर पुढचं वाचायची तशी गरज नाही.

मागं झाडी नाहीतर उंच बांध असला की लाइन मागं उडवता येत नाही. स्पे पद्धतीत ती पूर्ण मागं जातच नाही. लाइनीचं शेपूट आपल्या शेजारी पाण्यावर टेकवायचं, बाकीच्या लाइनीचं पोट मागं फुगवायचं आणि त्या टेकलेल्या शेपटाच्या जोरावर पुढं झोकायचं. या टेकण्याला अँकर म्हणतात. नाव स्कॉटलंडमधल्या स्पे नदीचं, युक्ती तिथल्या सामन मासा धरणाऱ्यांची. पण गाभा घाटावर कपडे धुणाऱ्या कुणालाही कळेल: ओलं लुगडं दगडाला चिकटलेलं आहे तोवर ओढीला जोर येतो, सुटलं की हात रिकामा.

आधी कानानं ऐका

फेक फुटली म्हणजे नेमकं काय झालं, ते डोळ्याआधी कानाला कळतं. मागं चाबकासारखा फाट् आवाज आला आणि बघता तर फ्लाय, म्हणजे पिसांनी मढवलेली गरी, तुटून गेलेली, तर अँकर सुटला किंवा भलत्या जागी पडला. लाइन उचलताना चर्रर्र असं जुनं धोतर फाटल्यासारखं ऐकू आलं आणि ती निम्म्या वाटेत कोसळली, तर उलटं झालं: अँकर फार चिकटला, गरजेपेक्षा जास्त लाइन पाण्यात होती. आणि आवाजच नाही, लाइन समोर शेवयांसारखी गोळा होऊन पडली, तर तिच्यात मुळात ताणच नव्हता.

तिघांना मी हेच विचारलं. खानापूरवाला म्हणाला, फाट्. निपाणीवाला म्हणाला, काही नाही हो सर, नुसती पडते. बेळगाववाल्याकडं तिन्ही. पहिल्या वर्षी मी तिघांना एकच औषध दिलं होतं, "हळू करा". ते चुकलं. यांचं दुखणं वेगाचं नव्हतं.

माझी स्वतःची चुकीची दुरुस्ती

नदीकडं तोंड करून न्यू जर्सीच्या काठावर उभे राहा. समोर पेनसिल्व्हेनिया, उजवीकडं नदीचं वरचं अंग, डावीकडं समुद्र. ओहोटीत पाणी उजवीकडून डावीकडं जातं. फ्लाय पात्रातून आडवी फिरते आणि शेवटी डावीकडं लाइन ताठ होऊन थांबते. या बाजूला मी उताराची बाजू म्हणतो. उजवा हात वर धरणारा माणूस तिथून लाइन उचलतो, स्नॅप-टी करून, म्हणजे उचललेल्या रॉडचं टोक झटक्यानं खाली आणून, तिचं शेपूट उजवीकडं टेकवतो आणि उजव्या खांद्यावरून झोकतो. काही अडचण नाही.

भरती लागली की पाणी डावीकडून उजवीकडं. उताराची बाजू आता उजवी. हाताला मात्र सवय जुनीच. उजवीकडून उचलून स्नॅप-टी केली की शेपूट समोर नाहीतर डावीकडं जाऊन पडतं, आणि उजव्या खांद्यावरून झोकलं की लाइन स्वतःलाच कापत निघते. फाट्.

हे मला कळलं होतं. मी म्हटलं, सोपं आहे, पाणी उलटलं म्हणजे जणू आपण नदीच्या दुसऱ्या काठावर जाऊन उभे राहिलो. आणि दुसरा काठ मला खानापुरात फुकट होता. डिसेंबर-जानेवारीत रोज सकाळी मी एका काठावर उजव्या खांद्यावरून पन्नास फेकी करायचो, मग रॉड तसाच जोडलेला घेऊन पूल ओलांडायचो आणि पलीकडच्या काठावर डावा हात वर धरून, डाव्या खांद्यावरून पन्नास. महिन्याभरात दोन्हीकडं लाइन सुतासारखी जायला लागली. घाटावर भोयांचा एक म्हातारा घोंगडी पांघरून बसलेला असायचा. एके दिवशी त्याला राहवलं नाही. "काय ओ गुरुजी, अलीकडं मासा न्हाई, पलीकडं बी न्हाई. येरझाऱ्या कशाला मारूलालाय?" मी म्हटलं, भरती-ओहोटी करतोय. त्यानं माझ्याकडं बघितलं, नदीकडं बघितलं आणि विडी पेटवली.

एप्रिलमध्ये ही तयारी घेऊन डेलावेअरवर गेलो. भरती लागली, मी ऐटीत हात बदलले, डावा वर, डावा खांदा. तिसऱ्या फेकीला फ्लाय माझ्या डाव्या कानाच्या पाळीत. गरीचा उलटा काटा मी नेहमी चिमट्यानं आधीच दाबून ठेवतो, म्हणून मुलीनं स्वयंपाकघरातच बर्फ लावून एका झटक्यात काढली. दुसऱ्या दिवशी टोपीत. तिसऱ्या दिवशी जावयाच्या जॅकेटच्या पाठीत, आणि तो बिचारा मला मदत करायला मागं उभा होता.

उत्तर सापडलं ते इथं, ऑगस्टमध्ये. मलप्रभा दुथडी भरून चाललेली, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली, बाहेर खानापूरचा पाऊस. नातवानं काढलेले दोन व्हिडिओ बघत बसलो होतो, एक ओहोटीतला, एक भरतीतला. जागा तीच, झाड तेच. झाडाच्या फांदीला एक प्लॅस्टिकची पिशवी अडकलेली होती. दोन्ही व्हिडिओंत ती डावीकडून उजवीकडं फडफडत होती. पाणी फिरलं होतं, पिशवी नव्हती फिरली.

मग डोक्यात प्रकाश पडला. पूल ओलांडला की दोन गोष्टी उलटतात, पाणी आणि वारा. तोच पूर्वेचा गार वारा, पण एका काठावर तो माझ्या डावीकडून यायचा आणि पलीकडं गेल्यावर उजवीकडून. म्हणून तिथं खांदा बदलणं बरोबर ठरत होतं. भरती मात्र फक्त पाणी उलटवते. वारा आहे तिथंच राहतो. मी डावा खांदा धरला तेव्हा वारा डावीकडूनच येत होता आणि फुगलेली लाइन गरीसकट माझ्या अंगावर ढकलत होता. महिनाभर घोटून पक्की केली होती ती अर्धी चूक.

वारा खांदा ठरवतो, पाणी फेक ठरवतं

काठावर पोचल्यावर पाण्याकडं बघू नका, आधी वारा बघा. वारा डावीकडून असेल तर उजवा खांदा, उजवीकडून असेल तर डावा. वारा तुमच्याकडून लाइनीकडं गेला पाहिजे, लाइनीकडून तुमच्याकडं नाही. हा निर्णय वारा फिरेपर्यंत बदलायचा नाही, भरती येवो की जावो.

मग पाणी. लाइन ताठ होऊन थांबली ती उताराची बाजू आणि तुम्ही ठरवलेला खांदा एकाच हाताला असतील तर डबल स्पे, म्हणजे रॉड दोनदा फिरवायची फेक, ती पुढं सांगतो. विरुद्ध हाताला असतील तर स्नॅप-टी किंवा सिंगल स्पे, म्हणजे एकाच हालचालीत शेपूट टेकवायची फेक. म्हणजे तिकडं खालून, समुद्राकडून वारा येत असेल, तर तो तुमच्या डावीकडून येतो आणि खांदा उजवा. ओहोटीत लाइन डावीकडं, स्नॅप-टी. भरतीत लाइन उजवीकडं, डबल स्पे. हात तेच, खांदा तोच, बदलली फक्त फेक. वारा वरून, ट्रेंटनकडून असेल तर हेच सगळं डाव्या खांद्यावर आरशातल्यासारखं: ओहोटीत डबल स्पे, भरतीत स्नॅप-टी. डावा हात वर धरायची ज्यांना सवय नाही, त्यांनी अशा दिवशी उजवा हात वरच ठेवून रॉडचं टोक डोक्यावरून डाव्या खांद्याकडं कलवावं. दिसायला बेंगरूळ, पण कान शाबूत राहतो.

डबल स्पे पहिल्यांदा करणाऱ्यांची एक चूक ठरलेली. लाइन उजवीकडं ताठ आहे, रॉडचं टोक पाण्याला लावून सावकाश उचलायचं, आणि रॉड आडवा डावीकडं नेऊन लाइन समोर पाण्यावर घालायची. इथं लोक ती इतकी जोरात ओढतात की शेपूट तुमच्या समोरून पार डावीकडं निघून जातं. ते जायला नको. शेपूट तुमच्या उजव्या हाताला, साधारण एका रॉडच्या अंतरावर राहिलं पाहिजे, समोर येते ती फक्त मधली लाइन. मग रॉड उजवीकडं परत फिरवला की समोरची लाइन पाण्यावरून फेस काढत निघते, मागं पोट फुगतं, आणि झोका. फेस निघाला नाही तर तुम्ही रॉड फार वरून फिरवला.

काठाचं पाणी आधी फिरतं

आता जे सांगतो ते मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि खानापूरवाल्याचं फाट् यातलंच निघालं. त्यानं खांदा, फेक सगळं बरोबर केलं होतं, तरी भरतीच्या पहिल्या अर्ध्या तासात फुटायचीच.

भरतीचा प्रवाह सगळ्या पात्रात एका क्षणी फिरत नाही. काठाजवळच्या उथळ पाण्यात जोर कमी, ते आधी वळतं. मधली खोल धार मोठ्या गाडीसारखी, ब्रेक मारला तरी थोडी पुढं जातेच. त्यामुळं काही वेळ असा येतो की मधे अजून ओहोटी आहे आणि तुमच्या गुडघ्याशी भरती लागलेली आहे. तुमची फ्लाय मधल्या धारेत, म्हणून लाइन अजून डावीकडंच ताठ होते आणि तुम्हाला वाटतं, काही बदललं नाही. पण अँकर कुठं टेकतो? काठापासून दहा-बारा फुटांवर. तो नव्या पाण्यात आहे.

ओहोटीत उजवीकडं टेकवलेला अँकर सरकत तुमच्याकडं येतो. हाताला न सांगता ती सवय लागते, आपण त्याला जरा लांब टाकतो आणि यायला वेळ देतो. काठाचं पाणी फिरलं की तोच अँकर तुमच्यापासून लांब पळायला लागतो. तुम्ही नेहमीइतका दम धरता, तेवढ्यात तो भलत्या कोनात गेलेला असतो, आणि तिरका ओढला की सुटतो.

म्हणून नदीचा मध्य बघून निर्णय घेऊ नका. पायाजवळ एक सुकी काडी टाका, ती कुठं जाते ते बघा. काडी आणि लाइन एकाच बाजूला जात असतील तर नेहमीसारखं चालू द्या. काडी एकीकडं आणि लाइन दुसरीकडं असेल तर अँकर हातभर जवळ टाका आणि दम निम्मा धरा. टेकला की उचला. मी खिशात काडेपेटीच रिकामी करून ठेवतो. विड्या ओढत नसलेला माणूस दर दहा मिनिटांनी काडी फेकतो हे बघून तिकडच्या एका म्हाताऱ्यानं मला लायटर देऊ केला होता.

थांबलेलं पाणी

निपाणीवाल्याची नुसती पडणारी लाइन मधल्या वेळेची. ओहोटी संपली, भरती जोर धरायची आहे, पाणी थबकलंय. स्पेमध्ये निम्मं काम प्रवाह करतो: लाइन ताठ ठेवतो, लाइनीला जोडलेलं बुडणारं टोक वर धरतो. प्रवाह गेला की दहा फुटांचं वजनदार टोक सरळ खाली जातं आणि वरची लाइन ढिली पडते. ढिल्या लाइनीत ताण येत नाही, आणि बुडालेलं टोक ओढून काढायला गेलात तर चर्रर्र.

उपाय दोन. एक, हातानं आणखी तीन-चार ओढी लाइन आत घ्या, मग एक साधी रोल-फेक, म्हणजे लाइन मागं न उडवता समोर उलगडत सोडायची फेक, करा, म्हणजे टोक पृष्ठभागावर येऊन सरळ पडेल, आणि ते परत बुडायच्या आत खरी फेक सुरू करा. दोन, टोकच बदला, हलकं लावा. तिसरा उपाय मी करतो: थर्मास उघडून चहा पितो. थबकलेल्या पाण्यात फ्लाय आडवी फिरतच नाही, तर उगाच हात कशाला भरून घ्यायचे?

या वेळेचा अंदाज तक्त्यावरून बांधणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. भरती-ओहोटीच्या तक्त्यातली वेळ पाण्याच्या उंचीची असते, प्रवाह वळण्याची नव्हे. आणि फिलाडेल्फियाची वेळ ट्रेंटनला चालत नाही, पाणी वर चढायला वेळ लागतो. शिवाय इतक्या वरच्या अंगाला भरती झटपट चढते आणि ओहोटी रेंगाळते, त्यामुळं डबल स्पे शिकायला भरतीत वेळ थोडाच मिळतो. चढत्या पाण्यात मागच्या चिखलातून परत यायची वाट कुठली, ते उतरतानाच बघून ठेवा. टोपी आणि चष्मा यावर मी बोलणार नाही, कान माझा गेला होता.

फेक जमली आणि मासा लागून सुटतोय, असाही एक फोन आला होता. त्याचं उत्तर दोन ओळींचं. शॅडच्या तोंडाची कातडी कागदासारखी पातळ असते. झटका मारू नका, रीळ सैल ठेवा, ताण सारखा ठेवा, माशाला पळू द्या.

खानापुरात शिकायचं असेल तर

तिघांपैकी एक जण यंदा दिवाळीला येणार आहे आणि घाटावर शिकवा म्हणतोय. त्याच्यासाठी वेळापत्रक आत्ताच देऊन ठेवतो. मलप्रभा कणकुंबीकडून येते आणि एकंदरीत पूर्वेकडं जाते. थंडीतल्या सकाळी वारा पूर्वेचा, म्हणजे पाण्याच्या विरुद्ध. मार्च-एप्रिलच्या दुपारनंतर पश्चिमेचा वारा धरतो, तो पाण्याबरोबर. ज्या काठावर पाणी तुमच्या उजवीकडून डावीकडं जातं, तिथं थंडीतल्या सकाळी उजव्या खांद्यावरून स्नॅप-टी करायची: ही झाली समुद्राच्या वाऱ्यातली ओहोटी. दुसऱ्या काठावर उन्हाळ्यातल्या दुपारी उजव्याच खांद्यावरून डबल स्पे: ही भरती. पूल ओलांडायचा, पण वारा फिरला असेल तरच. एकाच सकाळी दोन्ही काठ करायचे नाहीत, माझ्यासारखे.

थबकलेल्या पाण्यासाठी गावाबाहेरचा कुठलाही तलाव चालेल. गवतावर मात्र करू नका, गवत शेपूट धरत नाही, आणि महागाची लाइन खरवडून जाते. घाटावर पोरं पोहतात, बायका धुणं धुतात, तेव्हा गरी लावायची नाही, लाल लोकरीचा बोटभर गोंडा बांधायचा. पाण्यावर तो लांबूनही दिसतो, अँकर कुठं टेकला ते लगेच कळतं.  लोकर स्वेटरची घ्या, आणि घरात विचारून घ्या.